एसीएलचा ग्राफ्ट टेबलावर टाईट, गुडघ्यात ढिला? मग हे क्रमाने बघा

नवीन रेसिडेंट किंवा नवीन ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आला की पहिल्या काही दिवसांतच हा प्रश्न येतो, आणि दर वेळी तेच तेच तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून आज लिहूनच टाकतो. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला, मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा लिगामेंट; तो तुटला की त्याच्या जागी पेशंटचीच कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून घालतात, तोच ग्राफ्ट. मी ऑपरेशन करणारा माणूस नाही, सर गुडघ्यात दुर्बीण घालून हाडात टनेल (ग्राफ्ट जाण्यासाठी भोक) ड्रिल करत असतात तेव्हा बाजूच्या टेबलावर ग्राफ्ट साफ करून, शिवून, ताणून तयार ठेवणारा माणूस. कोल्हापुरात या कामाला तोटा नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन रंगात आला की पोरं लंगडत यायला लागतात, तालमीतले पैलवान आहेत, कबड्डीवाले आहेत, आणि पावसाळ्यात गाडी घसरलेले तर विचारूच नका. आमच्याकडे यातल्या बहुतेकांना हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट पडतो, म्हणजे मांडीच्या मागच्या-आतल्या बाजूच्या सेमी-टी (सेमीटेंडिनोसस) आणि ग्रॅसिलिस या दोन कंडरा काढून, दुमडून, चार पदर करून घालायच्या. खालचं सगळं त्याच ग्राफ्टबद्दल आहे, हाडाच्या तुकड्यासकट काढलेला पटेलर टेंडनचा ग्राफ्ट हा वेगळा विषय.

आधी लक्षणं. यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

ग्राफ्ट बोर्डवर (ग्राफ्ट ताणून ठेवायची, ताण दाखवणारा काटा असलेली पट्टी) ताण देऊन ठेवलेला ग्राफ्ट, आणि चार-पाच मिनिटांनी बघितलं तर काटा खाली आलेला. किंवा ग्राफ्ट दुमडल्यावर चारातले दोन पदर तारेसारखे आणि बाकीचे दोन पोटात ढिले, बोटाने दाबले की हलतात. किंवा शिवलेलं टोक ओढलं की दोरा थोडा थोडा बाहेर येतो आणि टोक निमुळतं होत जातं. किंवा टेबलावर आठ मिलिमीटरच्या सायझरमधून (जाडी मोजायच्या भोकातून) गेलेला ग्राफ्ट आठच्याच टनेलमध्ये अडकतो, नाहीतर उलट, इतका सहज जातो की शंकाच यावी. आणि सगळ्यात नको असलेलं लक्षण म्हणजे ग्राफ्टचं खालचं टोक नडगीत धरणारा स्क्रू बसल्यावर सर लॅकमन (नडगी पुढे ओढून गुडघा किती ढिला आहे ते बघायची तपासणी) करून बघतात आणि काही न बोलता परत एकदा करून बघतात.

अशा वेळी ओटीत सगळ्यात आधी दोष कंडरेला दिला जातो, "याची टेंडनच कच्ची आहे". माझं मत विचाराल तर कंडरा क्वचितच कच्ची असते. साधा हिशोब बघा. तरुण माणसाचा मूळ एसीएल प्रयोगशाळेत साधारण २१६० न्यूटनला तुटतो, ही १९९१ ची वू यांची मोजणी. चार पदरी हॅमस्ट्रिंग, सगळे पदर सारखे ताणले असतील तर, ४००० न्यूटनच्या वर जातो, हे हॅमनर आणि मंडळींनी १९९९ मध्ये दाखवलंय. आणि साध्या चालण्या-फिरण्यात एसीएलवर येणारा लोड ५०० न्यूटनच्या आतबाहेर धरतात. म्हणजे ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तुटण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे ढिलाईचा. ढिलाई कंडरेत असते, टाक्यात असते, गाठीत असते, ग्राफ्ट वरच्या हाडात ज्याला अडकवतात त्या दोऱ्याच्या लूपमध्ये असते, आणि ती टेबलावर काढली नाही तर पेशंट चालायला लागल्यावर स्वतःच काढतो, फक्त तेव्हा ती गुडघ्याच्या आत निघते. एसीएल दोन-तीन मिलिमीटरने ढिला म्हणजे हाताला लगेच जाणवणारा फरक आहे.

आता चेक. फुकटातल्यापासून सुरू करतो.

पहिलं म्हणजे बोर्ड आणि युनिट. हसू नका. बऱ्याच ग्राफ्ट बोर्डांवर स्प्रिंगचा काटा पाउंडात असतो, सर न्यूटनमध्ये बोलतात, आणि आपण मनात किलो धरतो. ८० न्यूटन म्हणजे साधारण ८ किलो, म्हणजेच १८ पाउंड. "ऐंशीवर ठेव" म्हटल्यावर कोणी काय ठेवलंय ते एकदा डोळ्यांनी बघा. मग रिकाम्या बोर्डवर काटा शून्यावर येतो का, सरकता खांब स्क्रू आवळल्यावर खरंच जागेवर राहतो का, दोरा खांबाला गुंडाळलाय तिथे सरकत नाही ना, आर्टरी फोर्सेपने धरलाय तर फोर्सेपच्या दातातून निसटत नाही ना. ऑटोक्लेव्ह होऊन होऊन बोर्डांचे स्क्रू ढिले होतात आणि सगळे मिळून ग्राफ्टला शिव्या घालत बसतात. याला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

दुसरं, मार्किंग पेन. माझ्या मते या सगळ्या पोस्टमध्ये एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल. निर्जंतुक स्किन मार्करने तीन खुणा करायच्या. दोन खुणा कंडरेवरच, शिवण नसलेल्या मधल्या भागात, पट्टी लावून बरोबर ३० मिलिमीटर अंतरावर. तिसरी खूण दोऱ्यावर, जिथे तो कंडरेच्या टोकातून बाहेर पडतो अगदी तिथे. मग ताण द्या आणि पाच मिनिटांनी बघा. दोऱ्यावरची खूण टोकापासून लांब गेली असेल तर टाके सरकतायत. कंडरेवरचं अंतर ३० चं ३१ झालं असेल तर कंडरा स्वतः ताणली जातेय, ते नॉर्मल आहे, त्याचं पुढे सांगतो. आणि तिन्ही खुणा जागच्या जागी असून काटा खाली आला असेल तर एकतर बोर्ड सरकतोय, म्हणजे पहिल्या मुद्द्यावर परत जा, नाहीतर ते कंडरेचं रिलॅक्सेशन आहे, म्हणजे लांबी तीच राहून ताण आपोआप कमी होणं, तेही पुढे येतंय. आजार कुठे आहे हे कळल्याशिवाय टाके उसवायला घेऊ नका, एकदा उसवलेल्या टोकाला भोकं पडलेली असतात आणि तिथे दुसरी शिवण पहिल्यासारखी धरत नाही.

तिसरं, ओलेपणा. ओटीतला एसी आणि वरचा लाईट मिळून उघडा ग्राफ्ट फार लवकर सुकवतात. सुकलेली कंडरा कडक होते, बोर्डवर काटा मस्त टिकून राहतो आणि आपल्याला वाटतं काम झालं, मग गुडघ्यात सलाईन चालूच असतं, तिथे ती परत पाणी पिते आणि मऊ पडते. म्हणून ताण देऊन ठेवलेला असतानाही त्यावर ओला गॉज हवाच. पाणी म्हणजे नॉर्मल सलाईन, डिस्टिल्ड वॉटर नाही, त्याने कंडरा फुगते. अर्थात सलाईनमध्ये बुडवून ठेवली तरी थोडी फुगतेच, म्हणून वाटीत पोहायला सोडू नका, गॉजमध्ये गुंडाळा. आता बऱ्याच ठिकाणी गॉज व्हँकोमायसिनमध्ये भिजवतात, इन्फेक्शन कमी व्हावं म्हणून, त्याचं नेहमीचं प्रमाण मिलीलीटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची व्हायल १०० मिली सलाईनमध्ये. जास्त घातलं की जास्त चांगलं असं काही नसतं, कडक द्रावण कंडरेतल्या पेशींना सोसत नाही.

चौथं, राहिलेलं मांस आणि सायझर. कंडरेला चिकटलेला स्नायू पूर्ण खरवडून काढायचा, पट्टीच्या कडेने किंवा ब्लेडच्या मागच्या बाजूने, धारेने नाही. मांस राहिलं तर सायझरमध्ये ग्राफ्ट जाड दिसतो पण त्या जाडीला ताकद नसते, टनेल मोठा पडतो, आणि मांस दबल्यावर आत मोकळी जागा राहते. त्यामुळे साफ केल्यावर, शिवल्यावर आणि ताण दिलेला असतानाच माप घ्या, दोन्ही टोकांचं वेगवेगळं. सायझर अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने असतात, ज्या सगळ्यात लहान भोकातून ग्राफ्ट घट्ट पण न फाटता जातो ते माप खरं. टेबलावर आठ आणि टनेलमध्ये अडकतो अशी तक्रार असेल तर दहातल्या बहुतेक वेळा शिवलेलं टोक जाड झालेलं असतं, कारण कोणीतरी उत्साहात गरजेपेक्षा जास्त टाके मारलेले असतात.

जाडीवर इतका जीव का काढायचा? कारण ग्राफ्टच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ७ मिलिमीटरचा ग्राफ्ट म्हणजे साधारण ३८ चौरस मिलिमीटर, ८ चा म्हणजे ५०. एक मिलिमीटरच्या फरकात जवळजवळ तीस टक्के माल वाढला. आणि तरुण पोरांमध्ये आठच्या खालचे ग्राफ्ट नंतर फेल जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून सगळे सर आठवर अडून बसतात.

पाचवं, पदर सारखे आहेत का. इथे थोडा वेळ घालवा कारण सगळ्यात जास्त ढिलाई इथे लपते आणि डोळ्यांना दिसत नाही. उसाची ट्रॉली बांधताना चार दोर टाकले आणि त्यातले दोनच आवळले, तर कारखान्यापर्यंत सगळा भार ते दोनच ओढतात, बाकीचे दोन शोभेला. ग्राफ्टमध्ये हेच आकड्यात बघू, हिशोब मोटामोटी आहे. चार पदर मिळून ताठपणा मिलिमीटरला ८०० न्यूटन धरा, म्हणजे एका पदराला २००. दोन पदर २ मिलिमीटरने ढिले राहिले तर ते कामाला लागायच्या आधी ताठ असलेल्या दोघांनी मिळून ८०० न्यूटन ओढलेले असतात. रोजच्या चालण्यात तेवढा लोड येतच नाही, म्हणजे ते दोन पदर आत असून नसल्यासारखे. पेपरवर चार पदरी, प्रत्यक्षात दोन पदरी. हॅमनर यांच्या प्रयोगातही हाताने अंदाजे ताणलेले चार पदर आणि वजन लावून सारखे ताणलेले चार पदर यांच्यात मोठा फरक आला होता, हाताने ताणलेले कितीतरी कमी भरले.

एकाच कंडरेचे दोन पदर लूपवरून सरकून थोडेफार स्वतःच सारखे होतात, पण सेमी-टी आणि ग्रॅसिलिस एकमेकांत सारखे होत नाहीत, ग्रॅसिलिस बारीक असते आणि त्याच ताणाला जास्त लांबते. त्यामुळे चारही दोरे एकत्र मुठीत धरून ओढायची सवय सोडा. सेमी-टीची जोडी वेगळी ताणा, ग्रॅसिलिसची वेगळी, मग दोन्ही खांबाला लावा. नंतर प्रत्येक पदराला मधोमध बोटाने टिचकी मारून बघा, ढिला पदर लगेच कळतो. आत स्क्रू बसायच्या वेळीही चारही दोऱ्यांवर ताण सारखा आहे का हे सरांच्या सोबत उभं राहणाऱ्याने बघायचं असतं.

सहावं, टाके. पेनाच्या खुणेने टाके सरकतायत असं दाखवलं तरच इथे या. साध्या व्हिपस्टिचमध्ये (गुंडाळत जाणाऱ्या टाक्यात) दोरा कंडरेच्या तंतूंना समांतर ओढला जातो आणि तंतूंमधून चिरत पुढे येतो, म्हणून टोक निमुळतं दिसतं. क्रॅको पद्धतीचा लॉकिंग टाका तंतूंना वेढा घालून आवळतो, ओढाल तितका घट्ट धरतो. पण त्यातही एक मेख आहे, प्रत्येक लॉकमध्ये थोडी थोडी ढिलाई असते, आणि ती प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढून काढली नाही तर सगळी साठून शेवटी एकदम निघते. म्हणून टाका घाला, ओढा, मग पुढचा. पूर्ण शिवून झाल्यावर एकदाच जोर लावण्यापेक्षा हाताने दहा-पंधरा वेळा ओढून सोडा, गुडघ्यातही लोड असाच वारंवार येणार असतो.

टाके वाढवून ताकद वाढते हा गैरसमज मात्र खूप पसरलाय. क्रॅको टाक्यावर २००६ मध्ये एक छान प्रयोग झाला होता, त्यात टाक्याचे वेढे दोनाचे चार आणि चाराचे सहा करूनही ताकदीत फारसा फरक पडला नाही, दुसरा दोरा घातल्यावर मात्र पडला. म्हणजे टोक जाड करत बसण्यापेक्षा दोन नंबरचा चांगला दोरा घ्या, जुन्या पॉलिएस्टरपेक्षा हल्लीचे पॉलिएथिलीनचे विणलेले दोरे कमी ताणले जातात, गरज वाटली तर दोन वापरा, आणि शिवण दोन-तीन सेंटीमीटर पुरे. सुई दोन्ही कडांपासून थोडी आत घाला, कडेवर घेतलेला टाका फाटतोच. आणि आधी गेलेल्या दोऱ्यातून सुई आरपार काढू नका, दोरा तिथेच अर्धा तुटतो आणि वरून काही दिसत नाही.

सातवं, वेळ. कंडरा स्प्रिंगसारखी नाही, तिच्यात पाणी आहे आणि आतले कोलॅजनचे तंतू नागमोडी असतात. ताण दिला की आधी ती नागमोड सरळ होते, मग पाणी हळूहळू बाहेर जातं. लांबी बांधून ठेवली तर ताण आपोआप कमी होतो, ताण कायम ठेवला तर लांबी वाढते, आणि दोन्ही पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यात जास्त होतं. म्हणजे तुमचा काटा ८० वरून ६५ वर आला तर घाबरू नका, परत ८० वर आणा, पाच मिनिटांनी परत बघा. दहा-पंधरा मिनिटांत काटा जवळजवळ स्थिर झाला पाहिजे. स्थिर होतच नसेल तर ती कंडरा नाही, टाका किंवा गाठ आहे, वर परत जा.

यात लोक एक गोष्ट विसरतात. ताण काढला की कंडरा हळूहळू पूर्वपदावर येते. वीस मिनिटं छान ताणून ठेवलेला ग्राफ्ट बोर्डवरून काढून अर्धा तास गॉजमध्ये पडून राहिला तर केलेलं बरंचसं काम वाया. म्हणून टनेल तयार होईपर्यंत तो बोर्डवरच राहू दे, सरांनी मागितला की काढा. प्री-टेन्शनने, म्हणजे आधीच असं ताणून ठेवल्याने, पेशंटला पुढे किती फायदा होतो यावर डॉक्टर मंडळींत एकमत नाही हे खरं, पण यात जात काहीच नाही, बोर्ड समोरच असतो. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, जास्त ताण म्हणजे जास्त चांगलं नाही, फार ताणून फिक्स केलेला ग्राफ्ट गुडघा जखडून टाकतो.

आठवं, लूप आणि खालची पकड, म्हणजे आता आपल्या टेबलाबाहेरचा भाग, पण कारण माहीत हवं. कंडरा, टाका, लूप, स्क्रू हे सगळे एकामागे एक जोडलेले आहेत, आणि अशा जोडणीत सगळ्यात लवचिक दुवा जिंकतो. ग्राफ्टचा ताठपणा मिलिमीटरला ८०० धरला आणि दोरा-गाठीचा १००, तर दोन्ही मिळून ९०० होत नाहीत, ८९ होतात. म्हणून कंडरा कितीही दणकट असली तरी खाली लांबलचक दोरे सोडून ते पोस्टला (हाडात बसवलेल्या स्क्रूला) बांधले असतील तर गुडघा दोऱ्यांवर लटकलाय असं समजा. ॲडजस्टेबल (ओढून लहान करता येणाऱ्या) लूपचे काही प्रकार प्रयोगशाळेत वारंवार लोड दिल्यावर थोडे लांबलेले आहेत, म्हणून खालचं फिक्सेशन झाल्यावर बरेच सर गुडघा वीसेक वेळा वाकवून-सरळ करून लूप परत ओढतात. नवीन माणसाला ती उगाच कवायत वाटते. ती कवायत नाही, तेवढ्यात काही मिलिमीटर निघतात.

नववं, आणि दुरुस्तीला सगळ्यात अवघड, कंडरा काढतानाच झालेली गडबड. सेमी-टीला पोटरीच्या गॅस्ट्रोच्या बाजूला जाणारे आडवे पट्टे असतात. ते नीट कापले नाहीत आणि स्ट्रिपर (कंडरा सोडवून काढायचं हत्यार) पुढे ढकलला तर तो वाट सोडून पट्ट्यात शिरतो आणि कंडरा मध्येच कापली जाते. टेबलावर तुम्हाला ते लगेच दिसतं, वरच्या टोकाला मांस जवळजवळ नाही, टोक तिरपं तुटलेलं आणि लांबी अपुरी. दुमडून चार पदर करायचे तर सेमी-टी २४ सेंटीमीटरची असेल तर एकटीचा चार पदरी ग्राफ्ट ६ सेंटीमीटरचा होतो, त्यात गुडघ्यातली जागाच तीनेक सेंटीमीटर, उरलेलं दोन टनेलमध्ये वाटायचं. त्याखाली गेलं की गणित बसत नाही.

आता थांबायचं कुठे, हे स्पष्ट लिहितो कारण टेबलावरचा माणूस हुशारी दाखवायला जातो आणि वेळ जातो, तिकडे टूर्निकेटचं (रक्त थांबवायला मांडीला बांधलेल्या पट्ट्याचं) घड्याळ चालू असतं. कंडरा आखूड निघाली तर सुई हातात घ्यायच्या आधी सरांना माप सांगा. शिवून आठच्या खाली भरत असेल तर लगेच सांगा, पदर वाढवून पाच-सहा करायचे, का पायाच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस लॉंगस घ्यायची, का अजून काही, हा निर्णय त्यांचा आणि तो टनेल ड्रिल व्हायच्या आधी हवा. एकाच टोकाला टाका दुसऱ्यांदा फाटला तर तिसऱ्यांदा तिथेच शिवू नका. कंडरा उभी चिरत गेलेली दिसली तर लपवू नका. ग्राफ्ट खाली पडला तर उचलून स्वतःच्या मनाने धुवायचा नाही, मोठ्याने सांगायचं, पुढचं सर ठरवतील. आणि स्क्रू बसल्यावर गुडघा ढिला वाटला तर टेबलावरच्या माणसाचं काम तिथे संपलं, तो सर्जनचा प्रश्न. तेव्हा विचारलं तर फक्त आपले आकडे सांगायचे, किती ताण, किती वेळ, किती जाडी, खुणा हलल्या होत्या का.

हात बसायला मटणाच्या दुकानातून पाये आणा, साफ न करता मागा, नाहीतर तो भाजून देतो. त्यातल्या खुराकडे जाणाऱ्या लांब कंडरा शिवायला आणि ताणायला उत्तम, रिसर्चवाले पण डुकराच्या, गाईगुरांच्या पायातल्या अशाच कंडरा वापरतात. स्प्रिंगचा काटा, दोन खांब, मार्किंग पेन एवढ्यात घरी सगळे चेक करून बघता येतात. फक्त ते दोरे, सुया आणि काटा ओटीत परत आणू नका, आणि वापरलेल्या पायांचा रस्सा करू नका, मार्कर पोटात जाईल.

पेशंट वाचत असतील तर एवढंच, ऑपरेशननंतर गुडघा निसटल्यासारखा वाटला तर यातलं काहीही तुम्ही घरी तपासण्यासारखं नाही. नवीन ग्राफ्ट पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू भरतो, त्या काळात आखाड्यात किंवा मैदानात उतरू नका, मालिश करणाऱ्याकडे जाऊन गुडघा ओढून घेऊ नका. ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांच्याकडे त्याच आठवड्यात दाखवा. गुडघा गरम, सुजलेला, लाल असेल किंवा ताप असेल तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.